ऐकू आलं म्हणून युद्धनौका पाठवायची?

किनाऱ्यापासून अमुक मैल बाहेर गेलं की तिथे कुणाचाच कायदा चालत नाही, मग जहाज नांगरून रेडिओ केंद्र सुरू केलं तर कोण काय करणार? समुद्रावरच्या रेडिओचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो आणि त्याला दोन ठरलेली उत्तरं मिळतात. एक म्हणतो, शंभर टक्के कायदेशीर. दुसरा म्हणतो, ही तर चाचेगिरी. दोघंही चुकतात, आणि त्यांच्या वादात खरा मुद्दा बाजूला पडतो. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा कराराने अशा जहाजावर चढण्याचा, माणसं अटक करण्याचा आणि यंत्रं जप्त करण्याचा अधिकार ज्या ज्या देशात त्याचं प्रक्षेपण ऐकू येऊ शकतं त्या प्रत्येक देशाला देऊन टाकला. हा अधिकार गरजेपेक्षा फार मोठा आहे आणि तो छाटला पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी ‘चाचे’ या शब्दाचा निकाल लावू. त्याच कराराच्या कलम १०१ नुसार चाचेगिरीला हिंसा, अडवून ठेवणं किंवा लूट लागते; ती खासगी हेतूने आणि एका जहाजावरच्या लोकांनी दुसऱ्या जहाजावर केलेली असावी लागते. गाणी आणि जाहिराती लावणारं जहाज यात कुठेच बसत नाही. ‘पायरेट रेडिओ’ हे नाव वर्तमानपत्रांनी रूढ केलं आणि चालवणाऱ्यांनीही ते आवडीने मिरवलं. पण कायद्याच्या चर्चेत या नावाने नुकसानच केलं. शब्द उच्चारला की लोकांना युद्धनौका पाठवणं आपोआप रास्त वाटू लागतं.

आता दुसऱ्या टोकाचा गैरसमज. समुद्र मोकळा असतो, पण जहाज मोकळं नसतं. प्रत्येक जहाजाची कुठल्यातरी एका देशात नोंदणी असते, आणि खुल्या समुद्रात त्याच्यावर त्याच देशाचा कायदा चालतो. म्हणून हे लोक पनामा, होंडुरास अशा देशांचा झेंडा शोधत. तिथे नोंदणी सोपी होती आणि त्या सरकारांना उत्तर समुद्रातल्या रेडिओशी देणंघेणं नव्हतं. पण तेवढ्याने प्रक्षेपण कायदेशीर होत नाही. १९५९ च्या जिनिव्हा रेडिओ नियमावलीत आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेने स्पष्ट लिहून ठेवलं की राष्ट्रीय हद्दीबाहेर जहाज, विमान किंवा कुठल्याही तरंगत्या वस्तूवर प्रसारण केंद्र उभारायचं नाही. आजच्या नियमावलीत हीच मनाई कलम २३.२ मध्ये आहे. याचा अर्थ झेंडा देणाऱ्या देशाने परवाना लिहून दिला, तरी तो परवाना त्या देशाने स्वतः मान्य केलेल्या नियमाच्या विरोधात जातो. आणि झेंडा गेला, नोंदणी रद्द झाली, तर आणखी वाईट. बिनझेंड्याच्या जहाजाची बाजू घ्यायला कुठलाच देश उभा राहत नाही.

तेव्हा बेकायदा होतं ते पहिल्यापासून. कमी होती ती हात पोचण्याची. नियमावली देशांना बांधते, माणसांना बांधत नाही. माणसाला शिक्षा करायची तर देशाचा स्वतःचा कायदा लागतो आणि तो त्या काळी बहुतेक ठिकाणी तीन सागरी मैलांवर, म्हणजे साडेपाच किलोमीटरवर संपत असे. १९५८ च्या ऑगस्टमध्ये डेन्मार्कजवळ रेडिओ मर्क्युर सुरू झालं, १९६० मध्ये हॉलंडसमोर रेडिओ वेरोनिका, १९६१ मध्ये स्वीडनसमोर रेडिओ नॉर्ड. २८ मार्च १९६४ ला इंग्लंडच्या फेलिक्स्टोसमोर रेडिओ कॅरोलाइन. सगळी या साडेपाच किलोमीटरच्या रेषेबाहेर उभी होती.

रेषेबाहेर उभं राहणं म्हणजे प्रत्यक्षात काय, हे पाहिल्याशिवाय कायद्याचा विचार अधांतरी राहतो. कॅरोलाइनचं पहिलं जहाज फ्रेडेरिसिया ही जुनी डॅनिश प्रवासी फेरीबोट. आयर्लंडमधल्या ग्रीनोर बंदरात तिच्यावर प्रत्येकी १० किलोवॉटचे दोन ट्रान्समीटर आणि १६८ फुटांची, म्हणजे साधारण ५१ मीटर उंच डोलकाठी बसवली. ही उंची सहज निवडलेली नाही. मीडियम वेव्हवर १५२० किलोहर्ट्झची तरंगलांबी सुमारे १९७ मीटर येते आणि उभ्या अँटेनाला तिचा चौथा हिस्सा, म्हणजे ४९ मीटरच्या आसपास उंची लागते. जमिनीवर अशा अँटेनाखाली तांब्याच्या तारांचं जाळं पुरावं लागतं. जहाजाला ते लागत नाही, कारण खारं पाणी साध्या मातीच्या कितीतरी पट, साधारण हजार पट चांगलं वाहक असतं. पोलादी तळ पाण्याला टेकलेला असला की अर्थिंगचं काम झालं. म्हणूनच समुद्रावरचा दहा किलोवॉटचा ट्रान्समीटर जमिनीवरच्या तेवढ्याच ट्रान्समीटरपेक्षा खणखणीत ऐकू येतो.

पण तोच समुद्र यंत्रं खातो. डोलकाठी आणि तिचे ताणदोर यांच्यामधल्या चिनीमातीच्या इन्सुलेटरवर मिठाचा थर बसतो, हवा दमट झाली की त्यावरून ठिणगी उडते, आणि धुऊन पुसून काढेपर्यंत केंद्र बंद. लाटेबरोबर जहाज कललं की डोलकाठी आणि दोर यांच्यातली अंतरं बदलतात, अँटेनाची जुळणी हलते आणि ट्रान्समीटर स्वतःला वाचवायला बंद पडतो. विजेचा हिशेबही कडक आहे. दहा किलोवॉटच्या वाहक लहरीवर पूर्ण मॉड्युलेशन, म्हणजे कार्यक्रमाचा आवाज, चढवलं की पंधरा किलोवॉट बाहेर जातात. व्हॉल्व्हच्या जुन्या ट्रान्समीटरची कार्यक्षमता निम्मी धरली तर जनरेटरने तीस किलोवॉट द्यायला हवेत. म्हणजे तासाला आठ-नऊ लिटर डिझेल, दिवसाला दोनशे लिटर. त्यात दिवे, पंप, स्वयंपाकघर धरलेलं नाही. २३ डिसेंबर १९६४ ला सुरू झालेलं रेडिओ लंडन ५० किलोवॉटचं होतं. त्याला या पाचपट धरा. शिवाय गोडं पाणी, अन्न, नव्या रेकॉर्ड, टेप आणि दर काही दिवसांनी बदलणारी माणसं. हे सगळं किनाऱ्यावरून छोट्या बोटीने यायचं.

या एका बोटीवर सगळा डोलारा उभा होता, आणि कायद्याने नेमकी तीच पकडली. आपल्याकडे ज्याला रसद तोडणं म्हणतात तेच हे. २२ जानेवारी १९६५ ला स्ट्रासबुर्गमध्ये युरोप परिषदेने करार खुला केला तो याच धर्तीवर: जहाजाला हात लावू नका, त्याला मदत करणाऱ्या आपापल्या नागरिकाला शिक्षा करा. डेन्मार्क आणि स्वीडनने असे कायदे १९६२ मध्येच करून ठेवले होते. ब्रिटनचा कायदा १४ ऑगस्ट १९६७ च्या मध्यरात्रीनंतर लागू झाला. त्या दिवसापासून अशा केंद्राला जहाज देणं, यंत्र विकणं किंवा दुरुस्त करणं, माल किंवा माणूस पोचवणं, रेकॉर्ड पुरवणं, कार्यक्रमात बोलणं, जाहिरात देणं हे सगळे गुन्हे ठरले. जास्तीत जास्त शिक्षा दोन वर्षं कैद. आजारी किंवा संकटात सापडलेल्या माणसाला मदत नेणाऱ्या बोटीला सूट होती, ती योग्यच. पण प्रक्षेपणाच्या वेळा छापून प्रसिद्ध करणंही गुन्हा ठरलं. हे कलम अन्यायाचं होतं, याबद्दल मला शंका नाही. रसद तोडायला वर्तमानपत्राच्या कोपऱ्यातलं वेळापत्रक पुसावं लागत नाही.

कायद्याचा परिणाम किती झाला? रेडिओ लंडन १४ ऑगस्टच्या दुपारीच थांबलं. कॅरोलाइनने रसदीचा तळ हॉलंडला हलवला, कारण डच कायदा यायला अजून सात वर्षं होती. मग मार्च १९६८ मध्ये तिची दोन्ही जहाजं ओढबोटींनी ओढून नेली, तीही थकलेल्या बिलांपायी. हॉलंडचा कायदा १ सप्टेंबर १९७४ ला आला आणि आदल्याच दिवशी रेडिओ वेरोनिका बंद झालं. मधल्या काळात ३० सप्टेंबर १९६७ ला बीबीसीने रेडिओ वन सुरू केलं आणि जहाजांवरच्याच आवाजांना बोलावून माइकसमोर बसवलं. तोवर बीबीसीवर रेकॉर्ड वाजवायला संगीत कंपन्यांशी आणि वादकांच्या संघटनेशी केलेल्या करारांनी दिवसाला मोजके तास ठरलेले असत. ती भूक जहाजांनी भागवली होती. म्हणजे दोन गोष्टींनी हा प्रश्न जवळपास संपवला: किनाऱ्यावरचा कायदा आणि किनाऱ्यावरचा पर्याय. यात युद्धनौका कुठेच नव्हती.

अपवाद एक, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. हॉलंडच्या नूर्डवाइकसमोर १९६४ मध्ये समुद्रात पाय रोवून रेम बेट नावाचा पोलादी मंच उभा राहिला आणि त्यावरून रेडिओबरोबर टीव्हीही सुरू झाला. १७ डिसेंबर १९६४ ला डच सरकारने माणसं उतरवून तो बंद केला. जहाजाला जे लागू नव्हतं ते इथे लागू होतं, कारण मंच समुद्रतळावर उभा होता आणि हॉलंडने खास कायदा करून आपल्या किनाऱ्यासमोरच्या तळावरच्या बांधकामांवर हक्क सांगितला. आजच्या सागरी कायदा करारात कलम ६० आणि ८० मुळे हा मुद्दा वादातीत आहे. मुंबई हायसारख्या ठिकाणी, किनाऱ्यापासून दीडशेच्या वर किलोमीटर लांब, कुणी फलाटावर ट्रान्समीटर लावला तर तो भारताच्याच अधिकारात येतो. १९७६ चा आपला सागरी क्षेत्र कायदा त्यासाठी पुरेसा आहे. इंग्लंडसमोरच्या रफ्स टॉवर या युद्धकाळातल्या किल्ल्याबाबत १९६८ मध्ये एसेक्समधल्या न्यायालयाने आपला अधिकार तिथवर पोचत नाही म्हटलं खरं, पण तेव्हा हद्द तीन मैलांची होती. १९८७ मध्ये ती बारा मैल झाली आणि किल्ला ब्रिटिश पाण्यात आला.

आता सागरी कायदा कराराच्या कलम १०९ कडे. ‘खुल्या समुद्रातून अनधिकृत प्रक्षेपण’ म्हणजे आंतरराष्ट्रीय नियमांविरुद्ध, जहाजावरून किंवा बांधकामावरून, सामान्य जनतेने ऐकावं किंवा पाहावं म्हणून केलेलं प्रसारण. संकटाचे संदेश यात धरत नाहीत. खटला पाच प्रकारचे देश चालवू शकतात: जहाजाच्या झेंड्याचा देश, बांधकामाच्या नोंदणीचा देश, ती व्यक्ती ज्याची नागरिक आहे तो देश, जिथे प्रक्षेपण ऐकू येऊ शकतं तो कुठलाही देश, आणि ज्याच्या अधिकृत संदेशवहनात व्यत्यय येतो तो देश. यांपैकी कुणीही कलम ११० नुसार जहाजावर चढू शकतो, माणसांना आणि जहाजाला पकडू शकतो, यंत्रं जप्त करू शकतो. आणि कलम ५८ मुळे हे सगळं दोनशे मैलांच्या आर्थिक क्षेत्रातही चालतं.

पहिले तीन रास्त आहेत. पाचवा तर अत्यावश्यक. आक्षेप चौथ्याला आहे.

याच करारातली शेजारची कलमं त्याच्या बाजूला ठेवून वाचा. गुलामांची वाहतूक करणाऱ्या जहाजावर कुठल्याही देशाची युद्धनौका संशयावरून चढू शकते. पण कलम ९९ शिक्षेची जबाबदारी झेंड्याच्या देशावरच ठेवतं आणि जहाज जप्त करण्याचा अधिकार चढणाऱ्याला देत नाही. अमली पदार्थांबाबत कलम १०८ मध्ये आहे फक्त सहकार्य. झेंड्याच्या देशाने मदत मागावी, इतरांनी द्यावी. १९८८ चा व्हिएन्ना करारही झेंड्याच्या देशाची संमती मागतो. परक्या झेंड्याखालचं जहाज संमतीशिवाय पकडण्याचा थेट अधिकार दोनच ठिकाणी दिलेला दिसतो: चाचेगिरीला आणि रेडिओला. माणसं विकणाऱ्या जहाजाला जेवढं संरक्षण मिळतं तेवढं गाणी लावणाऱ्या जहाजाला मिळत नाही. गुन्ह्याच्या गंभीरतेवरून ही क्रमवारी ठरलेली नाही. राज्यकर्त्यांना कशाची चीड आली होती, त्यावरून ठरली आहे.

आणि ‘ऐकू येऊ शकतं’ म्हणजे किती दूर? मीडियम वेव्ह दिवसा जमिनीलगत शंभर-दोनशे किलोमीटर जाते. सूर्य मावळला की वातावरणातला शोषून घेणारा खालचा थर विरतो आणि त्याच लहरी वरच्या थरावरून परतून हजार-दोन हजार किलोमीटरवर उतरतात. उत्तर समुद्रातलं एक जहाज रात्री दहा वाजता पंधरा-वीस देशांत ऐकू येतं. प्रक्षेपण करणाऱ्याने त्यांतल्या एकाही देशाकडे तोंड केलेलं नसलं तरी या कलमाने त्या सगळ्यांना त्याला अटक करण्याचा हक्क मिळतो. दिवसा पाच देश आणि रात्री वीस देश एखाद्यावर खटला भरू शकतील, असा दुसरा गुन्हा मला माहीत नाही.

याला उत्तर म्हणून लहरींच्या गर्दीचा मुद्दा येतो, आणि तो शंभर टक्के खरा आहे. म्हणून त्याला चौथ्या कारणाची नाही, पाचव्याची गरज आहे. हे जवळून पाहू. समुद्रावर आवाजी संकटसंदेशांसाठी २१८२ किलोहर्ट्झ ही वारंवारता ठरलेली होती. जहाजाच्या रेडिओ खोलीतल्या घड्याळाच्या तबकडीवर दर तासाच्या पहिल्या तीन मिनिटांना आणि अर्ध्या तासानंतरच्या तीन मिनिटांना हिरवा रंग दिलेला असे. तेवढा वेळ सगळ्यांनी गप्प राहायचं आणि कान देऊन ऐकायचं. कुठल्या बुडत्या बोटीचा क्षीण आवाज आला तर तो तेव्हा कळावा म्हणून. आता १०८९ किलोहर्ट्झवर एक प्रसारण केंद्र घ्या. हे मीडियम वेव्हवरचं रीतसर चॅनल आहे. ट्रान्समीटरच्या बाहेरच्या टोकाला गाळणी कमकुवत असेल तर त्याची दुप्पट वारंवारता, २१७८, हीसुद्धा बाहेर पडते आणि तिच्या दोन्ही बाजूंना पसरलेला गाण्याचा आवाज २१८२ वर चढतो. पन्नास किलोवॉटचा एक लाखावा भाग झिरपला तरी अर्धा वॉट होतो, आणि जवळच्या जहाजाच्या रेडिओत कुणाचा तरी शेवटचा आवाज बुजवायला अर्धा वॉट पुरतो. जमिनीवरच्या परवानाधारक केंद्राची अशी गळती तपासनीस मोजतो आणि बंद करायला लावतो. जहाजावर तपासनीस जात नाही. इथे मी पूर्ण सरकारच्या बाजूने आहे: असा व्यत्यय सिद्ध झाला, तर झेंडा कुणाचाही असो, चढा आणि यंत्र बंद करा.

पण इतिहासात जहाजांवर चढायचं कारण दर वेळी हेच होतं का? १९८३ च्या ऑगस्टमध्ये कॅरोलाइन पुन्हा सुरू झाली ती रॉस रिव्हेंज या आइसलंडच्या जुन्या मच्छीमार जहाजावरून. तीनशे फुटांची तिची डोलकाठी जहाजाच्या लांबीपेक्षा उंच होती. ती नॉक डीप नावाच्या, वाळूच्या बांधांनी आडोसा दिलेल्या खोल पाण्यात उभी असे. १९८७ च्या ऑक्टोबरात ब्रिटनची हद्द बारा मैल झाली, तेव्हा तिला तो आडोसा सोडून अधिक उघड्या पाण्यात नांगर टाकावा लागला. त्याच ऑक्टोबरात इंग्लंडला मोठ्या वादळाने झोडपलं, डोलकाठी खिळखिळी झाली आणि २५ नोव्हेंबरला समुद्रात कोसळली. पुढे १९ ऑगस्ट १९८९ ला डच सरकारच्या जहाजावरून सशस्त्र अधिकारी खुल्या समुद्रात तिच्यावर चढले आणि यंत्रं उचकटून घेऊन गेले. ब्रिटिश अधिकारीही तिथे होते. ही तारीख लक्षात ठेवा. सागरी कायदा करार लागू झाला १६ नोव्हेंबर १९९४ ला. ज्या कलमाचा आधार पुढे सगळे देतात ते तेव्हा अमलात आलेलंच नव्हतं. ब्रिटनने हद्दीबाहेरच्या जहाजावर बळाने चढायचा अधिकार आपल्या कायद्यात आणला तो १९९० मध्ये, म्हणजे या घटनेनंतर. अधिकार आधी वापरला आणि मग लिहिला. कायद्याच्या राज्यात हा क्रम उलटा असायला हवा, मग समोरचा माणूस कितीही आडमुठा असो.

राज्यांचं स्वतःचं वागणंही तपासलं पाहिजे. जी मनाई जहाजांना आहे तीच विमानांना आहे, तरीही २००१ मध्ये अमेरिकेच्या लष्करी विमानांनी अफगाणिस्तानवरून दारी आणि पश्तूत रेडिओ ऐकवला. युद्धाची गरज म्हणून ते कुणाला समजून घेता येईल. पण नियम सर्वांना सारखा असेल तर त्याची अंमलबजावणी फक्त खासगी जहाजांवर होणं मला मान्य नाही. याच्या उलट उदाहरण एबी नाथन यांचं. इराणमध्ये जन्मलेले आणि मुंबईत वाढलेले नाथन १९७३ पासून ‘व्हॉइस ऑफ पीस’ हे केंद्र भूमध्य समुद्रातल्या जहाजावरून चालवत. इस्राएल आणि अरब, दोघांनी ऐकावं म्हणून. वीस वर्षं इस्राएलच्या किनाऱ्यावर ते स्वच्छ ऐकू येत होतं. सरकारने नाथन यांना पॅलेस्टिनी नेत्यांना भेटल्याबद्दल तुरुंगात टाकलं, पण आरमार पाठवून केंद्र गप्प केलं नाही. १ ऑक्टोबर १९९३ ला नाथन यांनी ते स्वतःच थांबवलं आणि नंतर जहाज बुडवून टाकलं. त्या वीस वर्षांत इस्राएलचं राज्य कोसळलं नाही. ऐकू येणं सहन करता येतं, याचा यापेक्षा चांगला पुरावा काय हवा?

सगळ्यात कठीण आक्षेप रवांडाचा. १९९४ मध्ये किगालीतल्या आरटीएलएम रेडिओने तुत्सींना मारण्याची चिथावणी दिली. उद्या असं केंद्र जहाजावर निघालं तर काय, असं विचारणाऱ्याला टाळून चालणार नाही. पण आठवून पाहा: ते केंद्र जमिनीवर होतं, उघड ऐकू येत होतं, आणि त्याचा आवाज बुजवण्याचा विचार अमेरिकेने खर्च आणि आंतरराष्ट्रीय कायदा ही कारणं देऊन सोडून दिला. अडलं ते इच्छेपाशी. वंशसंहाराची थेट चिथावणी १९४८ च्या करारापासूनच गुन्हा आहे. जहाजावरून होणाऱ्या अशा चिथावणीसाठी तेवढ्यापुरता वेगळा, नेमका अधिकार लिहा, मी पाठिंबा देईन. त्या एका भीतीपोटी प्रत्येक ऐकू येणाऱ्या आवाजावर युद्धनौका सोडायची मुभा देणं ही फार मोठी किंमत आहे.

मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. १९५२ मध्ये आपल्याच पुण्याचे बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेसंगीत जवळपास हद्दपार झालं. घराघरांतल्या सुया रेडिओ सिलोनकडे वळल्या. महायुद्धाच्या काळात दोस्तराष्ट्रांच्या सैनिकांसाठी उभारलेले शक्तिमान ट्रान्समीटर सिलोनच्या हाती होते. ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू करून सरकारने उत्तर दिलं, आणि ते योग्य उत्तर होतं. सिलोनचा आवाज भारतात ऐकू येत होता, भारताच्या धोरणाला छेद देत होता, जाहिरातींचा पैसाही तिकडे जात होता; पण कोलंबोवर कुणी बोट पाठवली नाही, कारण त्या केंद्रामागे एक उत्तरदायी सरकार उभं होतं. फरक ऐकू येण्यात नाही, उत्तरदायित्वात आहे.

१९९५ हे वर्ष आपल्यासाठी दुहेरी महत्त्वाचं. ९ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या निकालपत्रातून, प्रसारणाच्या रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचं नियमन सरकारी मक्तेदारीने नव्हे तर स्वायत्त सार्वजनिक यंत्रणेने व्हावं असं सांगितलं. २९ जूनला भारताने सागरी कायदा करार मंजूर केला, कलम १०९ सह. पहिल्या निकालाला अनुसरून आपण पुरेसं काही केलं नाही; खासगी एफएम केंद्राला आजही स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीची बातमीपत्रंच तेवढी जशीच्या तशी लावता येतात. कोकणसमोर कुणी रेडिओ जहाज नांगरेल असं मला वाटत नाही. उत्तर समुद्रात वाळूच्या बांधांचा आडोसा होता. इथे बारा मैलांबाहेर, म्हणजे बावीस किलोमीटरपलीकडे, जून ते ऑगस्ट उघड्या दर्यात नांगर धरून उभं राहणं म्हणजे काय, ते कुठलाही तांडेल सांगेल. पण जहाज येणार नाही म्हणून तत्त्वाचा प्रश्न सुटत नाही. उद्या हाच ‘ऐकू येतं म्हणून आमचा अधिकार’ हा तर्क उपग्रहावरच्या किंवा इंटरनेटवरच्या प्रसारणाला लावायचा मोह कुठल्याही सरकारला होईल, तेव्हा हे कलम पूर्वउदाहरण म्हणून समोर ठेवलं जाईल.

बदल फार मोठा नको आहे. कलम १०९ मधलं चौथं कारण स्वतंत्र कारण म्हणून काढा. ज्याच्या संदेशवहनात व्यत्यय येतो त्याच देशाला चढण्याचा अधिकार ठेवा. करार बदलायला वेळ लागेल, तोवर भारतासारखा देश आपल्या तटरक्षक दलाच्या आदेशांत ही मर्यादा स्वतःहून घालून घेऊ शकतो. पायऱ्या साध्या आहेत. निदान दोन निरीक्षण केंद्रांनी दिशा घेऊन जहाजाची जागा निश्चित करावी. व्यत्यय कुठल्या वारंवारतेवर, किती तीव्रतेचा, ते मोजावं आणि ध्वनिमुद्रण ठेवावं. झेंड्याच्या देशाला कळवावं आणि ठरलेली मुदत द्यावी. संकटसंदेशाची किंवा विमानांच्या वापरातली वारंवारता असेल तर मुदत नको. संशय खोटा ठरला तर कलम ११० प्रमाणे भरपाई द्यायची आहे, हे आदेशातच लिहावं. आणि ज्याच्या संदेशात अडथळा आला त्या केंद्राचं नाव, वारंवारता आणि वेळ नोंदवहीत लिहिलेली असेल, तरच अधिकाऱ्याने त्या जहाजाच्या शिडीला हात लावावा.